दवंडी ऐकली, पण ग्रामसभेला कोण गेले?

मे महिना आला की आमचे चाकरमानी बांधव बोचकी बांधून गावाकडे निघतात. घराची कौले परततात, लग्ने उरकतात, विहारात वंदना होते, बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या जयंतीचा हिशेब मांडला जातो. चार दिवस आनंदात जातात. पण याच दिवसांत, १ मे रोजी, गावात आणखी एक गोष्ट घडते. शाळेच्या वर्गात नाहीतर पंचायतीच्या ओटीवर ग्रामसभा भरते. त्या सभेला आपल्या वाडीतून किती माणसे जातात? हा प्रश्न आम्ही बऱ्याच ठिकाणी विचारला. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळाले : "आपल्याला तिथं कोण विचारतो?"

गेल्या १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहानशा गावच्या ग्रामसभेला आम्ही मुद्दाम जाऊन बसलो. गाव असे, की ग्रामपंचायतीत सदस्य सातच. एक शिपाई, एक पाणी सोडणारा, आणि ग्रामसेवक दोन गावांना मिळून एक. अशी लहान गावे महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींचा कारभार कसा चालतो हे समजून घ्यायचे, तर मोठ्या गावापेक्षा असे लहान गाव बरे. तिथे सगळेच उघड्यावर असते; पाहणारा मात्र हवा.

या गावच्या बौद्धवाडीत तीसेक घरे. वाडीला नळ आहे, पण मार्च उजाडला की नळाला वारा येतो आणि बायका हंडे घेऊन खालच्या ओढ्यातील डुऱ्यावर उतरतात. पंचायतीत वाडीची एक जागा आहे, अनुसूचित जातीच्या स्त्रीसाठी राखीव. त्या जागेवर एक वयस्कर काकी निवडून आल्या आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या, जन्म सारा मजुरीत गेलेला. आम्ही त्यांना विचारले, "काकी, पंचायतीत तुम्ही काय काम करता?"

काकी हसल्या. म्हणाल्या, "शिपाई वही घेऊन घरी येतो. भाऊसाहेबांनी पाठवलीय, काकी, इथं सही करा, म्हणतो. मी करते. आत काय लिवलंय ते मला काय ठाव बाबा?"

हे ऐकून आमच्या मनाला फार लागले. कारण ही एका काकीची गोष्ट नाही. ज्या जागेसाठी बाबासाहेब झगडले, ती जागा आपल्याला मिळाली. पण त्या जागेवरून बोलायचा शब्द अजून दुसऱ्याच्याच तोंडी आहे.

चावडीबाहेरचे दिवस

आपल्या वाडवडिलांचा आणि गावकारभाराचा संबंध काही नवा नाही. गावात दवंडी कोण द्यायचा? आपलाच माणूस. सरकारी सारा तालुक्याला कोण पोहोचवायचा? आपलाच माणूस. शिवेचा तंटा उठला की साक्षीला कोणाला बोलवायचे? आपल्यालाच. मात्र निर्णय चावडीच्या आत व्हायचा आणि दवंडी देणारा चावडीच्या पायरीखाली उभा असायचा. या राबण्याला वतन असे गोंडस नाव होते. ते वतन म्हणजे गुलामी आहे हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक आणले.

पुढे १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कौन्सिलात ग्रामपंचायतींचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला सडेतोड विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्या गावात जातीची उतरंड आहे, त्या गावाच्या हाती सत्ता देणे म्हणजे बहुसंख्य सवर्णांच्या हाती अस्पृश्यांना सोपवणे. म्हणून प्रत्येक प्रौढाला मत हवे आणि अस्पृश्यांना पंचायतीत स्वतःची राखीव जागा हवी. घटना समितीतही ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी गावाविषयीचा भोळा भाव झटकून टाकला आणि खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ नोव्हेंबर १९४८ रोजी, ग्रामपंचायती स्थापन करण्याविषयीची दुरुस्ती पुढे आली, ती त्यांनी स्वीकारली. तोच आज राज्यघटनेतील ४० वा अनुच्छेद आहे.

काही लोक याचा अर्थ असा लावतात, की बाबासाहेब पंचायतीच्या विरोधात होते, मग आपण तिथे कशाला जायचे? हा अर्थ चुकीचा आहे. बाबासाहेबांनी जी अट १९३२ मध्ये घातली होती, ती पुढे कायद्यात उतरली. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतीत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. म्हणजे अट पूर्ण झाली. आता जाण्याचे काम आपले आहे.

आणखी एक योग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आजही ज्या कायद्याने आपल्या ग्रामपंचायती चालतात, तो १९५८ चा. आणि ज्या कायद्याने महारकी वतने संपली, तोही १९५८ चाच. एका कायद्याने चावडीबाहेरचे राबणे संपले, दुसऱ्याने चावडीत बसण्याची वाट दाखवली. पहिला कायदा आपण पुरता वापरला. दुसरा अजून अर्धाच वापरला आहे.

पंचायत म्हणजे कोण?

आता कारभार समजून घेऊ. ग्रामपंचायतीत कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात. दीड हजारापर्यंत लोकवस्ती असेल तर ७, आणि लोकवस्ती वाढेल तसे ९, ११, १३, १५ आणि १७. गावाचे प्रभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक प्रभागातून सदस्य निवडून येतात. सरपंच पूर्वी सदस्यांतून निवडला जाई. २०१७ मध्ये तो थेट जनतेतून निवडण्याचा कायदा झाला, २०२० मध्ये तो रद्द झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाला. उपसरपंच सदस्यच निवडतात. मुदत पाच वर्षांची.

ग्रामसेवक हा लोकांनी निवडलेला नसतो, तो जिल्हा परिषदेचा नोकर. त्यांच्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी असे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला, पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच आहेत. सभेची नोटीस काढणे, इतिवृत्त लिहिणे, जमाखर्च ठेवणे, दाखले देणे ही त्यांची कामे. पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागते. आता बरेचसे व्यवहार डिजिटल सहीने होतात. सरपंचबाईंची डिजिटल सही ज्याच्या खिशात, गावाची तिजोरी त्याच्या हातात, असे चित्र आम्ही एकाहून अधिक गावांत पाहिले आहे.

दर महिन्याला सदस्यांची मासिक सभा होते. तिथे कामे ठरतात, बिले मंजूर होतात, आणि जे ठरले ते इतिवृत्ताच्या वहीत लिहिले जाते. ही वही, जिला गावात प्रोसिडिंग म्हणतात, तीच पंचायतीचा आत्मा. सभेत कोण किती मोठ्याने बोलले याला किंमत नाही. वहीत काय लिहिले याला आहे. म्हणून कोऱ्या पानावर किंवा न वाचता केलेली सही म्हणजे आपले मत दुसऱ्याच्या हवाली करणे. काकींची सही पाच वर्षे अशीच चालली असती तर वाडीचे मत पाच वर्षे गहाण पडले असते.

पैसा कुठून येतो, कुठे जातो?

ग्रामपंचायतीचा पैसा दोन प्रकारचा. एक तिचा स्वतःचा : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार असेल तर त्याचे उत्पन्न. दुसरा वरून येणारा : वित्त आयोगाचा निधी आणि निरनिराळ्या योजनांचे अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी २०२०-२१ ते २०२५-२६ या वर्षांसाठी होता. महाराष्ट्रात त्यातील ८० टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना देण्यात आला आणि त्याचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता. ज्या वाडीच्या नळाला पाणी नाही, त्या वाडीने हा पैसा कोणत्या पाइपात मुरला हे विचारायलाच हवे.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातही आपला वाटा ठरलेला आहे. १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची आहे. हिशेब सोपा आहे. एखाद्या लहान पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न वर्षाला २ लाख रुपये असेल, तर ३० हजार रुपये मागासवर्गीयांचे, २० हजार महिला व बालकांचे आणि १० हजार दिव्यांगांचे. कोणी म्हणेल, ३० हजारांत काय होते? पण पाच वर्षांचे दीड लाख होतात. तेवढ्यात वाडीतला गटाराचा तुकडा होतो, पाइप बदलता येतो, विहाराजवळ दिवे लागतात, मुलांना अभ्यासाचे साहित्य मिळते. आणि रकमेपेक्षाही मोठी गोष्ट ही, की हा उपकार नव्हे. हा नियमाने ठरलेला वाटा आहे.

याशिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची योजना आहे, जिला लोक अजूनही दलित वस्ती सुधार याच जुन्या नावाने ओळखतात. तिचा पैसा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून येतो, पण प्रस्ताव ग्रामपंचायतीकडूनच जावा लागतो. पंचायतीने प्रस्तावच केला नाही, तर समाजकल्याणचा अधिकारी आपण होऊन वाडीत येणार नाही. रमाई आवास योजनेच्या घरकुलाचेही तेच. माता रमाईच्या नावाचे घर कोणाला मिळणार, ती यादी ग्रामसभेपुढे येते. ज्या दिवशी यादी वाचली गेली त्या दिवशी आपण घरी बसलो, तर मग नाव गळाल्याची तक्रार कोणाकडे करायची?

ग्रामसभा : सगळ्यांची सभा

पंचायत सात जणांची, पण ग्रामसभा सगळ्यांची. गावच्या मतदार यादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून सभा होतात. सात दिवस आधी नोटीस लागते, दवंडी द्यावी लागते. त्याआधी स्त्रियांची वेगळी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. पुरेसे कारण नसताना ग्रामसभा टाळली, तर सरपंचाचे पदही धोक्यात येते.

सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतील जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते. आणि इथेच खरी गोम आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा हजेरीची ही अट उरत नाही. मग पंधरा-वीस माणसे बसतात, विषय वाचले जातात, "मंजूर, मंजूर" म्हटले जाते आणि गावाचा निर्णय होऊन जातो. आपण गेलो नाही म्हणून सभा थांबत नाही. आपण गेलो नाही म्हणून ती आपल्याशिवाय होते.

वाडीत त्या रात्री काय झाले

आम्ही ज्या गावी गेलो होतो, तिथे ३० एप्रिलच्या रात्री विहारात वंदना झाली आणि नंतर मंडळी तशीच बसून राहिली. काकींची सून बारावी शिकलेली. पुण्याला दिलेली एक मुलगीही सुट्टीला आली होती. दोघींनी मिळून महिनाभर आधी माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागासवर्गीय निधीचा तीन वर्षांचा खर्च मागवला होता. अर्जाला १० रुपये लागले. उत्तर तीस दिवसांच्या आत आले. त्या कागदावर सलग तीन वर्षे एकच ओळ होती : दिवाबत्ती साहित्य खरेदी.

वाडीतल्या म्हाताऱ्या आजोबांनी विचारले, "अगं, मग दिवे कुठं हायत?"

सगळ्यांनी बाहेर पाहिले. वाडीत दोन खांब. त्यातला एक बंद.

दुसऱ्या दिवशी वाडीतून चाळीसवर माणसे सभेला गेली, त्यात बायका जास्त. मुंबईकरांपैकी ज्यांची नावे मुंबईच्या मतदार यादीत आहेत त्यांना मत नव्हते. ते मागे बाकावर बसले, आणि तसेच बसणे योग्य होते. विषयपत्रिका वाचून होताच सुनेने उठून सांगितले, "भाऊसाहेब, आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा."

भाऊसाहेब म्हणाले, "ते मंजूर झालंय वहिनी. वाचायला वेळ लागेल."

ती म्हणाली, "लागू द्या. आम्ही डबा बांधून आलोय."

सभेत हशा पिकला, पण इतिवृत्त वाचले गेले. मग तिने निधीचा कागद काढला आणि एकच प्रश्न विचारला : तीन वर्षांत घेतलेले दिवे वाडीत किती लागले? सरपंच म्हणाले, दिवे सगळ्या गावासाठी असतात, उजेडाला जात नसते. तेव्हा आजवर कधी न बोललेल्या काकी उठल्या. त्या म्हणाल्या, "उजेडाला जात नसती सरपंचभाऊ, पर खांबाला असती. आमच्या वाडीत खांबच दोन हायत."

यावर सभेला उत्तर नव्हते. थोडी वादावादी झाली, आवाज चढले, एकाने जुन्या गोष्टी उकरल्या. पण वाडीच्या लोकांनी तोल सोडला नाही. शेवटी दोन ठराव लिहिले गेले : मागासवर्गीय निधीतून पुढील वर्षी प्रथम वाडीच्या नळाचा जुना पाइप बदलावा, आणि वस्ती विकास योजनेतून पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव पाठवावा. सुनेने ठराव मोठ्याने वाचून घेतला. ठरावाचा क्रमांक तिने पोरीच्या वहीवर टिपून ठेवला. काकींनी मग सही केली. पाच वर्षांतली ही त्यांची पहिली वाचून केलेली सही.

हे लिहीत असताना त्या नळाला पाणी आलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. पाइप आले आहेत, काम व्हायचे आहे. टाकीचा प्रस्ताव पंचायत समितीत आहे. एका सभेने वाडी बदलत नाही. पण आता मासिक सभेच्या दिवशी वही काकींच्या घरी येत नाही. काकी सुनेला फाटकापर्यंत सोबत घेऊन पंचायतीत जातात. सभेत मात्र त्या एकट्या बसतात, कारण निवडून त्या आल्या आहेत.

आडवाटा कशा असतात?

राखीव जागा मोकळेपणाने चालू न देण्याच्या अनेक आडवाटा आहेत. पहिली वाट बिनविरोधची. गावची एकी राखायची, खर्च वाचवायचा, असे म्हणत मातब्बर मंडळी आपल्यातूनच एखादा गरीब, मुका, कर्जात असलेला माणूस निवडतात आणि त्याच्या नावावर कारभार स्वतः करतात. काही गावांत तर पदांचा उघड लिलाव झाला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांच्या निवडणुका याच कारणाने रद्द केल्या. आपला उमेदवार कोण हे विहारात बसून आपण ठरवले पाहिजे, दुसऱ्याच्या ओसरीवर नव्हे.

दुसरी वाट जातपडताळणीची. राखीव जागेवरून निवडून आलेल्याने ठरलेल्या मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिले नाही तर पद जाते. बौद्ध कुटुंबांची इथे अडचण होते, कारण शाळेच्या दाखल्यावर नुसते बौद्ध असे असते. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राकडून मिळाल्या, पण मूळ जातीचा पुरावा लागतो, आणि तोही १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणून आजोबांचा शाळेतील दाखला, जुन्या जन्मनोंदीचा उतारा हे कागद प्रत्येक घराने निवडणुकीची वाट न पाहता आजच मिळवून पेटीत जपून ठेवावेत.

तिसरी वाट अतिक्रमणाची. सरकारी जागेवर अतिक्रमण केलेला माणूस सदस्य राहू शकत नाही, असा नियम आहे. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेणाराही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले. नियम सर्वांना सारखा, पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जागाच मिळाली नाही, त्यांची घरे गायरानावर असणार हे उघड आहे. नियमाचा असा हत्यारासारखा वापर स्त्रियांविरुद्धही होतो. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या एका महिला सरपंचाला सरकारी जागेवरील घरात राहत असल्याच्या आरोपावरून पदावरून काढले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि गावाला स्त्री सरपंच पचत नाही, अशा अर्थाची कानउघाडणीही केली.

चौथी वाट अविश्वासाची. पण थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धचा ठराव नुसता सदस्यांनी मंजूर करून भागत नाही, तो ग्रामसभेपुढेही यावा लागतो. म्हणजे पुन्हा ग्रामसभाच. आणि पाचवी वाट धाकदपटशाची. अनुसूचित जातीच्या सदस्याला वा सरपंचाला त्याचे काम करण्यापासून धमकावून अडवणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे. उमेदवारी अर्ज भरण्यापासून अडवणे हाही गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने या गोष्टी कायद्यात स्पष्ट झाल्या. हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

घराघराने करावयाच्या गोष्टी

आमच्या वाचकांतील बरेच जण शहरात कष्ट करतात आणि त्यांचे म्हातारे आईवडील गावी आहेत. त्यांना आणि गावी राहणाऱ्या बांधवांना आमचे कळकळीचे सांगणे असे :

१. ग्रामसभेची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. वाडीतून प्रत्येक घरातील एक स्त्री आणि एक पुरुष गेलाच पाहिजे, असा रिवाज पाडा. ज्या घरात लहान मूल आहे तिथे शेजारणीने ते सांभाळावे.

२. महिला ग्रामसभा कागदावर होऊ देऊ नका. माता-भगिनींनी तिथे पाणी, घरकुल, अंगणवाडी, स्मशानाची वाट हे विषय लिहून द्यावेत. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. लेखी अर्जाची पोच मागावी.

३. मागील सभेचे इतिवृत्त वाचून घेतल्याशिवाय पुढचा विषय घेऊ देऊ नका. झालेल्या ठरावाचा क्रमांक टिपून ठेवा.

४. वाचल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. आपल्या सदस्याला वाचता येत नसेल तर वाडीतील शिकलेल्या मुलामुलींनी आदल्या रात्री विषयपत्रिका वाचून दाखवावी. पण सभेत तिच्या जागी दुसऱ्याने बोलू नये. नवऱ्याने, दिराने, मुलानेही नाही.

५. आपले घर नमुना ८ च्या वहीत लागले आहे का, कोणाच्या नावावर आहे, ते पाहा आणि उतारा घेऊन ठेवा. शक्य असेल तिथे पती-पत्नी दोघांचे नाव लावून घ्या. घरपट्टी वेळेवर भरा. कर थकवणाऱ्याचा आवाज सभेत बसतो.

६. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी हातात मोबाइल आहे तर त्याचा उपयोग करावा. २०२० पासून ई-ग्रामस्वराज या सरकारी व्यवस्थेवर प्रत्येक पंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. तो पाहून गावी कळवा. मात्र शहरातून हुकूम सोडू नका. गावात रोज तोंड दाखवायचे आहे ते तिथल्या माणसांना.

७. भांडण टाळा, प्रश्न टाळू नका. गावात आपल्यासारखीच अडलेली इतर वाड्यांतील गरीब माणसे असतात. त्यांच्याही नळाला पाणी नसते. त्यांना बरोबर घ्या.

शेवटचा शब्द

जयंतीला आपण वर्गणी काढतो, कमान उभारतो, मिरवणूक काढतो. ते केलेच पाहिजे, कारण त्या दिवशी आपण मान ताठ करून गावातून चालतो. पण वर्षातले चार दिवस ग्रामसभेच्या खोलीत तशीच मान ताठ करून बसलो, तर उरलेल्या दिवसांचे पाणी, दिवा आणि रस्ता हे हक्काने येतील.

आमच्या आजोबांनी गावाला दवंडी दिली आणि ते पायरीखाली उभे राहिले. आज दवंडी आपल्यासाठीही असते, आणि पायरीच्या वर आपल्या नावाची खुर्ची आहे. २ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली की त्या वाडीतल्या काकी पुन्हा विहारात सर्वांना बसवणार आहेत. टाकीच्या प्रस्तावाचे काय झाले, हा पहिला प्रश्न असेल. तुमच्या वाडीचा पहिला प्रश्न कोणता? तो आजच घरात बसून लिहून काढा.

जयभीम!